ग्रह दिसतच नाही, मग त्याचं वस्तुमान काढतात कसं आणि तो आकडा सारखा बदलतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की केप्लर-१०सी नावाच्या ग्रहाचं वस्तुमान एका ठिकाणी पृथ्वीच्या १७ पट लिहिलंय, दुसरीकडे १४, तिसरीकडे ७ आणि अलीकडे कुठेतरी ११, ग्रहाचा फोटो तर कोणाकडेच नाही, मग हे आकडे येतात कुठून, का सगळं अंदाजपंचे दाहोदरसे चाललंय. मी बरीच वर्षं याच प्रकारच्या डेटावर काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अंदाजपंचे नाहीये. पण पेपरात छापून येतं तसं "ग्रहाचं वस्तुमान मोजलं" असंही नसतं. ग्रहाला कोणी हात लावत नाही, बहुतेक वेळा त्याच्याकडे बघतही नाही, आपण बघतो ताऱ्याकडे. ताऱ्याच्या हालचालीवरून ग्रह त्याच्या किती हिश्श्याचा आहे ते काढतो, मग ताऱ्याचं वस्तुमान दुसरीकडून आणून त्याला गुणतो. म्हणजे हातात येतं ते गुणोत्तर. हे एकदा डोक्यात बसलं की आकडे का बदलतात तेही समजायला लागतं.

तत्त्व अगदी साधं आहे. बाप आणि त्याची पाच वर्षांची पोर फुगडी घालतायत असं समजा, पोर मोठ्या गोलात गरागरा फिरते आणि बाप जवळपास जागच्या जागी, पण अगदी जागच्या जागी नाही, तोही एका छोट्या गोलात फिरतोच. पोर जितकी वजनदार तितका बापाचा गोल मोठा. आता पोर अंधारात आहे, फक्त बाप दिसतोय, आणि त्याच्या डुलण्यावरून पोरीचं वजन सांगायचंय.

प्रत्यक्ष आकडे घालून बघू, कारण हे गणित खरंच कागदावर होतं. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून ५१ पेगासी या ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधला, त्याबद्दल २०१९ चं नोबेल मिळालं त्यांना. त्यांना दिसलं इतकंच की तारा दर ४.२३ दिवसांनी आपल्याकडे आणि आपल्यापासून लांब असा हलतोय आणि सरासरीपासून वेगाचा कमाल फरक सेकंदाला ५६ मीटरच्या आसपास आहे. तारा सूर्याच्या साधारण १.१ पट. आता केप्लरचा तिसरा नियम लावला, म्हणजे ४.२३ दिवसांचं वर्ष असेल तर कक्षा किती मोठी, तर उत्तर येतं सुमारे ७९ लाख किलोमीटर. इतक्या त्रिज्येचा गोल ४.२३ दिवसांत पूर्ण करायचा तर ग्रहाचा वेग सेकंदाला जवळपास १३६ किलोमीटर. तारा ५६ मीटरने हलतोय आणि ग्रह १,३६,००० मीटरने, दोघांचा संवेग सारखा असायला हवा, म्हणजे ग्रह ताऱ्याच्या ०.०००४१ पट. सूर्य गुरूच्या १,०४७ पट आहे, त्याला १.१ ने गुणा आणि मग ०.०००४१ ने, उत्तर ०.४७ गुरू, म्हणजे पृथ्वीच्या दीडशे पट. संपलं. आजही रेडियल व्हेलॉसिटीचं, म्हणजे तारा आपल्याकडे येण्याच्या किंवा लांब जाण्याच्या वेगाचं, मूळ गणित हेच आहे, बाकी जे काही आहे ते या ५६ वर विश्वास ठेवता यावा म्हणून केलेली मारामारी.

आणि मारामारी मोठी आहे. ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट काढला की त्यात हजारो काळ्या रेषा दिसतात, तारा आपल्याकडे आला की त्या निळ्या बाजूला सरकतात, लांब गेला की लाल बाजूला. ५६ मीटरसाठी ५५० नॅनोमीटरची रेषा सरकते ०.०००१ नॅनोमीटर. चिलीमधल्या ला सिया वेधशाळेतला हार्प्स हा स्पेक्ट्रोग्राफ, म्हणजे वर्णपट नोंदवणारं यंत्र, २००३ पासून सेकंदाला १ मीटरच्या आसपासची अचूकता देतोय, तिथे १ मीटर म्हणजे डिटेक्टरवर एका पिक्सेलचा साधारण हजारावा भाग, १५ ते २० नॅनोमीटर. त्यामुळे यंत्र व्हॅक्यूममध्ये ठेवावं लागतं, तापमान एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकंही हलू द्यायचं नाही, आणि बाजूला थोरियमच्या दिव्याचा नाहीतर लेझर कोंबचा (नेमक्या ठरल्या जागी रेषा देणारा लेझर) वर्णपट सतत नोंदवत राहायचा, म्हणजे यंत्र स्वतः किती सरकलं ते वजा करता येतं. शिवाय आपण स्वतः सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने पळतोय आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याचे आणखी काहीशे मीटर, ते सगळं वजा करायचं, त्यासाठी एक्स्पोजरची मधली वेळ सुद्धा नीट माहीत हवी, ढगाचा तुकडा मधेच आला तर ती वेळ सरकते. एका रेषेवरून हे कधीच जमलं नसतं, हजारो रेषांची सरासरी काढतो म्हणून जमतं.

भारतात हे काम होतं का असं विचारणारे बरेच भेटतात. होतं. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचा पारस स्पेक्ट्रोग्राफ माउंट अबूला गुरुशिखरावर १.२ मीटरच्या टेलिस्कोपवर २०१२ पासून आहे आणि त्याच्यावरून २०१८ मध्ये के२-२३६बी या ग्रहाचं वस्तुमान काढलं, पृथ्वीच्या सुमारे २७ पट, १९.५ दिवसांची कक्षा. नंतर तिथेच २.५ मीटरचा टेलिस्कोप आला, पारस-२ आला आणि २०२४ मध्ये टीओआय-६६५१बी, पृथ्वीच्या ६० पट. अबूला पावसाळ्यात निरीक्षणं बंद असतात, ते क्षुल्लक वाटेल पण नाहीये, दरवर्षी ठरावीक महिन्यांची भोकं डेटात पडली की चुकीच्या पिरियडचे (एका फेरीला लागणाऱ्या वेळेचे) भुताटकी सिग्नल तयार होतात. त्यावर पुढे येतोच.

आता पहिली मोठी अडचण. आपल्याला ताऱ्याचा फक्त आपल्या दिशेचा वेग कळतो. कक्षा आपल्याला कडेने दिसत असेल तर पूर्ण वेग मिळतो, वरून दिसत असेल तर तारा कितीही हलू दे, आपल्याकडे येत-जातच नाही, सिग्नल शून्य. मधल्या सगळ्या कोनांना थोडा थोडा कमी. म्हणून रेडियल व्हेलॉसिटीतून येणारा आकडा हा किमान असतो, आमच्या भाषेत एम साइन आय, म्हणजे वस्तुमान गुणिले कक्षेच्या कोनाचा साइन. खरं वस्तुमान तेवढं किंवा जास्त. कोन जर कुठलाही असू शकतो असं धरलं तर खरं वस्तुमान किमान आकड्याच्या दुपटीपेक्षा जास्त निघायची शक्यता साधारण १३ टक्के, म्हणजे बहुतेक वेळा फारसं बिघडत नाही. पण जेव्हा बिघडतं तेव्हा भलतंच बिघडतं. एचडी ११४७६२ या ताऱ्याभोवती १९८९ मध्येच, म्हणजे ५१ पेगासीच्या सहा वर्षं आधी, ८४ दिवसांचा सोबती सापडला होता, किमान वस्तुमान ११ गुरू. शोधणाऱ्यांनी सावधपणे लिहिलं की हा बहुधा ब्राउन ड्वार्फ (ग्रहाहून जड, पण तारा व्हायला कमी पडलेला गोळा) असावा आणि कदाचित मोठा ग्रहही असेल. पुढची कित्येक वर्षं पहिला परग्रह खरं तर हाच असं म्हणणारे लोक होते. मग ताऱ्यांच्या जागा अचूक मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांतून कळलं की ती कक्षा आपल्याला जवळपास वरूनच दिसतेय, कोन काही अंशांचा, आणि तो सोबती ग्रह तर नाहीच, ब्राउन ड्वार्फही नाही, चक्क छोटा लाल तारा निघाला. मूळ लोकांचा सावधपणा मला आजही आवडतो.

हा कोनाचा घोळ सुटतो तो ग्रह ताऱ्याच्या समोरून जात असेल तर, म्हणजे ट्रान्झिट होत असेल तर. समोरून जातोय म्हणजे कक्षा कडेने दिसतेय, साइन आय जवळपास १. १९९९ मध्ये एचडी २०९४५८ वर हे पहिल्यांदा झालं, डेव्हिड शार्बोनो यांनी जेमतेम १० सेंटिमीटर व्यासाच्या टेलिस्कोपने ताऱ्याचा प्रकाश दीडेक टक्क्याने कमी होताना पकडला आणि ग्रेग हेन्रींच्या टीमनेही स्वतंत्रपणे तेच पाहिलं. प्रकाश किती कमी झाला त्यावरून ग्रहाचा आकार मिळतो, रेडियल व्हेलॉसिटीतून वस्तुमान मिळतं, ०.७ गुरूच्या आसपास, आणि दोन्ही मिळाले की घनता, जी आली घन सेंटिमीटरला सुमारे ०.३५ ग्रॅम, पाण्याच्या एक तृतीयांश. म्हणजे वायूचा गोळा, वादच संपला. आम्ही वस्तुमानाच्या मागे इतके का लागतो त्याचं कारण हेच, नुसत्या आकारावरून ग्रह कशाचा बनलाय ते सांगता येत नाही. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने ग्रहाचं वातावरण बघायचं म्हटलं तरी वस्तुमान लागतंच, कारण गुरुत्व कमी असलं की वातावरण फुगतं आणि सिग्नल मोठा दिसतो, आणि वस्तुमान माहीत नसेल तर हलका वायू आहे का गुरुत्व कमी आहे हे वेगळं करता येत नाही.

आता तुमच्या केप्लर-१०सी कडे. पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, तारा हा काही गुळगुळीत दिवा नाही. पृष्ठभाग उकळत असतो, डाग येतात, तारा फिरतो तसे डाग एका कडेने येऊन दुसऱ्या कडेला जातात आणि वर्णरेषांचा आकार वाकडा होतो, त्याचा परिणाम वेगासारखाच दिसतो. सूर्यासारख्या शांत ताऱ्यातही हा गोंधळ सेकंदाला काही मीटर असू शकतो, आणि पृथ्वीमुळे सूर्य हलतो किती, तर सेकंदाला ९ सेंटिमीटर. गुरूमुळे साडेबारा मीटर, पण त्याला १२ वर्षं लागतात. तर हा गोंधळ किती फसवू शकतो त्याचं उदाहरण म्हणजे अल्फा सेंटॉरी बी. २०१२ मध्ये हार्प्सच्या साडेचारशेहून जास्त मोजमापांतून ३.२४ दिवसांचा, ०.५१ मीटर प्रतिसेकंदाचा सिग्नल काढला आणि आपल्या सगळ्यात जवळच्या शेजाऱ्याकडे पृथ्वीएवढा ग्रह अशी जगभर बातमी झाली. २०१५ मध्ये विनेश राजपाल आणि सहकाऱ्यांनी काय केलं, तर ग्रह अजिबात नसलेला, फक्त ताऱ्याच्या गोंधळाचा खोटा डेटा बनवला आणि तो मूळ निरीक्षणांच्या नेमक्या त्याच तारखा-वेळांना घेतला. त्यातूनही ३.२४ दिवसांचा सिग्नल बाहेर आला! म्हणजे सिग्नल ताऱ्यात नव्हता, निरीक्षणांच्या वेळापत्रकात होता. मला विचाराल तर या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हा पेपर आधी वाचायला द्यावा.

केप्लर-१०सी ची भानगड याच जातीची. तारा सुमारे ६०० प्रकाशवर्षांवर, ग्रहाचा आकार केप्लर दुर्बिणीने दिलेला, पृथ्वीच्या २.३५ पट, कक्षा ४५ दिवसांची, यात कोणाचं दुमत नाही. २०१४ मध्ये स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या हार्प्स-एन या, हार्प्ससारख्याच स्पेक्ट्रोग्राफच्या टीमने १७ पृथ्वी असं वस्तुमान दिलं. या आकाराला १७ म्हणजे घनता ७ च्या वर, सगळा खडकच, आणि इतका जड खडकाळ ग्रह वायू न गोळा करता राहिला कसा हा मोठाच प्रश्न, "मेगा-अर्थ" असं नावही पडलं. मग हवाईच्या केक टेलिस्कोपवरच्या हायर्स या स्पेक्ट्रोग्राफचा डेटा आला, एकट्या त्यातून ६ च्या आसपास आणि दोन्ही एकत्र केले तर १४, हे २०१६. तुम्ही म्हणाल दोन उत्तम यंत्रं, एकच ग्रह आणि तिप्पट फरक? तर इथे सिग्नलच बघा केवढा आहे, १७ पृथ्वी म्हणजे तारा सेकंदाला साधारण ३.३ मीटर हलणार, ७ म्हणजे १.४ मीटर. म्हणजे सगळं भांडण दोनेक मीटरचं, आणि ताऱ्याचा स्वतःचा गोंधळही तेवढाच, शिवाय त्याच ताऱ्याला आणखी एक ग्रह असावा अशी ट्रान्झिटच्या वेळांवरून शंका. २०१७ मध्ये पुन्हा राजपाल यांनीच ताऱ्याचा गोंधळ वेगळ्या सांख्यिकी पद्धतीने, गाउशियन प्रोसेस म्हणतात तिला, मॉडेल करून आणि कुठल्या रात्री निरीक्षण झालं कुठल्या नाही याचा हिशोब लावून ७.४ दिलं, म्हणजे घनता ३ च्या थोडी वर, खडक नव्हे, बरंच पाणी किंवा वायू. २०२५ मध्ये हार्प्स-एनच्या टीमने जवळपास दुप्पट मोजमापं, सुधारलेलं डेटा रिडक्शन (कच्च्या नोंदींतून वेग काढायची पद्धत) आणि तो तिसरा ग्रह धरून ११.३ काढलं, त्रुटी सव्वाच्या आसपास, घनता पावणेपाच. पाण्याचा मोठा हिस्सा असलेला ग्रह असं आता त्यांचं मत. माझा कल या शेवटच्या आकड्याकडे आहे, कारण यात डेटा जास्त आहे आणि तिसऱ्या ग्रहाला मॉडेलमध्ये जागा दिलीय, पण उद्या कोणी ९ किंवा १३ म्हणालं तर मी खुर्चीवरून पडणार नाही.

म्हणजे आकडा बदलला म्हणून आधीचे लोक खोटारडे होते असं काही नाही. १७ च्या पुढे दोनेकची त्रुटी लिहिली होती, ती त्रुटी मॉडेल बरोबर आहे असं धरून होती, आणि कच्चं होतं ते मॉडेल. एरर बार, म्हणजे आकड्यापुढे लिहिलेली ही त्रुटी, मॉडेलच्या आतला असतो, मॉडेलच्या बाहेर काय आहे ते त्याला माहीत नसतं. ताऱ्यांचा गोंधळ समजून घ्यायला आता ला पाल्मावर एक छोटी दुर्बीण २०१५ पासून दिवसा सूर्याचाच प्रकाश हार्प्स-एनला पुरवते, म्हणजे जिथे ग्रहांचं उत्तर आधीच माहीत आहे त्या ताऱ्यावर सराव.

दुसरी गोष्ट जी बातम्यांत कधीच येत नाही ती म्हणजे ताऱ्याचं स्वतःचं वस्तुमान. ते कोण मोजतं? बहुतेक वेळा तापमान, तेजस्विता, धातूंचं प्रमाण घेऊन ताऱ्यांच्या उत्क्रांतीच्या मॉडेलमधून काढतात, काही नशीबवान ताऱ्यांसाठी, केप्लर-१० त्यातलाच, ताऱ्याच्या कंपनांवरून फार चांगलं मिळतं. ताऱ्याच्या आकड्यात १० टक्के चूक असेल तर ग्रहाच्या आकड्यात साधारण ७ टक्के येते. गंमत म्हणजे ट्रान्झिट आणि रेडियल व्हेलॉसिटी दोन्ही असतील तर ग्रहाच्या पृष्ठभागावरचं गुरुत्व ताऱ्याचं वस्तुमान न वापरताच काढता येतं, सगळी गुणोत्तरं अशी काही कटतात की तारा समीकरणातून बाहेर पडतो. हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा मला खरंच हसू आलं होतं.

आता वेगळी वाट. काही तारे इतके अंधुक असतात की त्यांचा वर्णपट या अचूकतेने घेताच येत नाही, किंवा ग्रह इतके हलके की वेग मोजणं अशक्य. ट्रॅपिस्ट-१ दोन्ही बाबतींत तसा. ४१ प्रकाशवर्षांवरचा, सूर्याच्या ९ टक्के वस्तुमानाचा लाल तारा, सात ग्रह, सगळे पृथ्वीच्या आसपासच्या आकाराचे आणि सगळे ट्रान्झिट करणारे, दीड दिवसापासून १९ दिवसांपर्यंतच्या कक्षा. इथे ताऱ्याला विचारायचंच नाही, ग्रहांनाच एकमेकांबद्दल विचारायचं. सात ग्रह इतके जवळ जवळ आहेत आणि त्यांचे पिरियड असे साध्या गुणोत्तरांत अडकलेत, ३:२, ४:३ वगैरे, की प्रत्येक ग्रह शेजाऱ्याला ओढतो आणि ट्रान्झिट ठरल्या वेळेला न होता काही मिनिटं आधी नाहीतर नंतर होतो. तो उशीर किती यावरून शेजारी किती जड ते निघतं. युरेनस वाटेवरून जरा हलतोय म्हणून १८४६ मध्ये ले व्हेरिये यांनी नेपच्यून कुठे असेल ते कागदावर काढलं होतं, तीच युक्ती.

पण इथे घाई करून चालत नाही. २०१७ च्या पहिल्या पेपरात ट्रॅपिस्ट-१ई चं वस्तुमान होतं ०.६२ पृथ्वी, त्रुटी ०.५८! म्हणजे जवळपास काहीच माहीत नव्हतं. तेव्हाही बातम्यांत मात्र ०.६२ एवढंच आलं. मग स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने आणि जमिनीवरच्या दुर्बिणींनी शेकडो ट्रान्झिट जमवले आणि २०२१ मध्ये एरिक एगोल यांच्या टीमने दिलं ०.६९, त्रुटी ०.०२. तीन टक्के. हेच रेडियल व्हेलॉसिटीने करायचं तर सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरची अचूकता लागली असती, जी आज जगात कोणाकडे नाही. आणि निकाल काय, तर सातही ग्रह सारख्याच पदार्थाचे वाटावेत अशी घनता, ते पृथ्वीच्याच पदार्थाचे असते तर जितकी भरली असती त्यापेक्षा काही टक्के कमी, लोखंड कमी असेल किंवा पाणी असेल किंवा लोखंडाला ऑक्सिजन चिकटलेला असेल. या पद्धतीचाही एक जुना आजार आहे, ग्रह हलका पण कक्षा थोडी लांबट, किंवा ग्रह जड पण कक्षा गोल, दोन्हींतून सारखाच उशीर येऊ शकतो. नुसत्या मोठ्या लहरीवरून ते सुटत नाही, शेजारी ग्रह जवळून जातो तेव्हाचा छोटासा झटका पकडावा लागतो, आणि तो पकडायला अचूक वेळा हव्यात. म्हणून काही केप्लर ग्रहांचे या पद्धतीचे आकडे मी जरा जपून वापरतो.

तिसरी पद्धत सगळ्यात जुनी आणि सगळ्यात बदनाम, ताऱ्याचं आकाशातलं डुलणं थेट बघायचं. याच्यात आपल्याकडचाच एक किस्सा आहे. मद्रास वेधशाळेचे प्रमुख कॅप्टन विल्यम जेकब यांनी १८५५ मध्ये ७० ओफियुची या जोडताऱ्याच्या कक्षेत गडबड दिसते, तिथे ग्रहासारखं काहीतरी असावं असं लिहिलं. मद्रासला जाण्याआधी याच माणसाने पुण्यात खासगी वेधशाळा थाटली होती आणि १८६२ मध्ये नवी वेधशाळा उभारायला परत आला तो पुण्यातच वारला. ग्रह काही खरा निघाला नाही. शंभर वर्षांनी अमेरिकेत पीटर व्हान डे कांप यांनी बर्नार्डच्या ताऱ्याभोवती गुरूपेक्षा मोठा ग्रह असल्याचं १९६३ मध्ये जाहीर केलं, पाठ्यपुस्तकांतही गेला तो, आणि १९७३ मध्ये इतरांनी फोटो तपासल्यावर लक्षात आलं की ताऱ्याची उडी नेमकी दुर्बिणीच्या भिंगाची चौकट बदलली तेव्हाची आहे. (बर्नार्डच्या ताऱ्याला ग्रह आहेत बरं का, २०२४-२५ मध्ये चार सापडले, रेडियल व्हेलॉसिटीने, सगळे पृथ्वीपेक्षा हलके. व्हान डे कांप यांच्या ग्रहाशी त्यांचा काही संबंध नाही.)

हे अवघड का, तर ३३ प्रकाशवर्षांवरून बघितलं तर गुरूमुळे सूर्य डुलतो अर्धा मिलिआर्कसेकंद, एका अंशाचा सत्तर लाखावा भाग. जमिनीवरून हे जवळजवळ अशक्यच, पण गाया उपग्रहाने ते शक्य केलं. २०१३ च्या डिसेंबरात उडाला, २०२५ च्या जानेवारीत निरीक्षणं थांबली. या पद्धतीत आकाशातली पूर्ण कक्षा मिळते, म्हणजे कोन मिळतो, म्हणजे किमान-बिमान काही नाही, थेट खरं वस्तुमान. बीटा पिक्टोरिस बी चं वस्तुमान २०१८ मध्ये जुन्या हिप्पार्कस उपग्रहाची आणि गायाची मोजमापं जोडून असंच काढलं, सुमारे ११ गुरू. गायाचा पुढचा मोठा डेटा, डीआर४, २०२६ च्या शेवटी अपेक्षित आहे आणि त्यात मोठ्या ग्रहांची रांग लागेल, शिवाय आज ग्रह म्हणून मिरवणारे काही जण एचडी ११४७६२ च्या वाटेने जातील असं मला वाटतं.

राहिल्या दोन पद्धती. ज्या ग्रहांचे खरंच फोटो आहेत, उदाहरणार्थ २००८ पासून जाहीर झालेले एचआर ८७९९ या ताऱ्याचे, त्यांचं वस्तुमान बहुतेक वेळा तेजावरून आणि वयावरून काढतात, तरुण ग्रह अजून तापलेला असतो आणि जड ग्रह हळू थंड होतो. फोटो आहे म्हणून हा आकडा जास्त भरवशाचा असेल असं लोकांना वाटतं, उलट आहे, ताऱ्याचं वय चुकलं की सगळं चुकलं, आणि ग्रह जन्माला आला तेव्हा किती गरम होता हेही गृहीत धरावं लागतं. एचआर ८७९९ मध्ये निदान एक आधार आहे, चारही ग्रह फार जड असते तर त्यांनी एकमेकांना केव्हाच बाहेर फेकलं असतं. दुसरी मायक्रोलेन्सिंग, एक तारा दुसऱ्याच्या नेमका समोर आला की त्याच्या गुरुत्वाने मागच्याचा प्रकाश वाढतो आणि ग्रह असेल तर त्यात छोटा उंचवटा येतो. तिथे तर उघड उघड गुणोत्तरच मिळतं, तारा कुठला हे कळायला कधी कधी दोघे वेगळे दिसेपर्यंत कित्येक वर्षं थांबावं लागतं, आणि तोच ग्रह परत मोजायची संधी नाही.

तर आकडा वाचताना काय बघायचं. आजवर ६ हजारांच्या वर ग्रह नोंदले गेलेत आणि त्यातल्या खूप मोठ्या भागाचं वस्तुमान कोणी मोजलेलंच नाही, फक्त आकार माहीत आहे. तरी वेबसाइटवर त्यांच्यासमोर वस्तुमान दिसतं, ते आकारावरून सरासरी सूत्र लावून भरलेलं असतं. नासाच्या एक्झोप्लॅनेट आर्काइव्हमध्ये ग्रहाच्या पानावर प्रत्येक पेपरचा आकडा वेगवेगळ्या ओळीत असतो, तिथे एम साइन आय लिहिलंय का नुसतं वस्तुमान ते बघा, त्रुटी बघा, आणि नुसतीच "पेक्षा कमी" अशी मर्यादा असेल तर ते मोजमाप नाही हे लक्षात ठेवा. दोन वेगळ्या यंत्रांनी किंवा दोन वेगळ्या पद्धतींनी सारखा आकडा दिला असेल तर मी निश्चिंत असतो. केप्लर-७८बी चं तसं झालं, साडेआठ तासांची कक्षा असलेला पृथ्वीहून थोडा मोठा ग्रह, २०१३ मध्ये हार्प्स-एन आणि हायर्सच्या टीमनी वेगवेगळं काम करून एकाच वेळी छापलं, दोघांचाही आकडा १.७ ते १.९ पृथ्वीच्या दरम्यान. सिग्नल तिथेही दोनच मीटरचा होता, पण पिरियड इतका छोटा की एका रात्रीतच कक्षेचा मोठा भाग बघून होतो आणि ताऱ्याचे डाग तेवढ्यात हलत नाहीत. केप्लर-१०सी ला ही सोय नव्हती, ४५ दिवसांत तारा स्वतःभोवती बराच फिरून होतो.

आणि पृथ्वीसारख्या ग्रहाचं, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती, एक वर्षाच्या कक्षेतल्या, वस्तुमान आज मोजता येतं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नाही येत. चिलीतल्या पारानालच्या एस्प्रेसो या स्पेक्ट्रोग्राफचं ध्येय सेकंदाला १० सेंटिमीटर आहे, यंत्र त्याच्या जवळ पोचतंही, पण तारा स्वतः मीटरभर गोंधळ घालतो तिथे ९ सेंटिमीटर शोधायचे म्हणजे फक्त चांगलं यंत्र पुरत नाही, रोज रात्री त्याच त्या ताऱ्यांकडे वर्षानुवर्षं बघावं लागेल. टेरा हंटिंग एक्सपेरिमेंट नावाचा प्रकल्प नेमका त्यासाठीच आहे, ला पाल्मावरचा आयझॅक न्यूटन टेलिस्कोप, त्यावर हार्प्स-३, आणि निवडक काही डझन ताऱ्यांवर दहा वर्षं, जमेल त्या प्रत्येक रात्री. मोठ्या टेलिस्कोपवर इतका वेळ कोणी देणार नाही, म्हणून मुद्दाम अडीच मीटरचा घेतलाय.